२२५ चौरस फुटांत मन मोकळे करायचे कुठे?

गेल्या पावसाळ्यात एके संध्याकाळी आमच्या इमारतीतील चारपाच मंडळी आमच्या दारात येऊन उभी राहिली. आम्ही नुकतेच कचेरीतून आलो होतो. मंडळी आत यायला तयार होईनात, उंबऱ्यापाशीच घुटमळत राहिली, त्यावरून विषय नाजूक असावा हे आम्ही ओळखले. तक्रार पाचव्या मजल्यावरच्या मुलीबद्दल होती. मुलगी वीस वर्षांची, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी. दर गुरुवारी सात वाजले की ती फोन घेऊन गच्चीवर जाते, पाण्याच्या टाकीमागे बसते आणि तासभर कुणाशी तरी हळू आवाजात बोलते. पाऊस असला तर छत्री घेऊन बसते! एकदोनदा तिला रडतानाही एका मावशींनी पाहिले होते.

"भाऊ, तुम्ही मंडळाचे माणूस. तिच्या बापाच्या कानावर घाला. उद्या काही भानगड झाली तर इमारतीचं नाव जाईल," असे त्यांचे म्हणणे पडले.

आता खरे ते सांगितले पाहिजे. आम्ही गेली वीस वर्षे वस्तीत काम करतो. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो, विहारातील अभ्यासिका पाहतो, सावित्रीमाईंच्या जयंतीला मुलींच्या शिक्षणावर भाषण करतो. आणि तरीही त्या संध्याकाळी आमच्या मनात आले ते एवढेच की, पोरीला चार शब्द सुनावले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी जिन्यात ती भेटली तेव्हा आम्ही जरा आवाज चढवूनच विचारले. ती खाली मान घालून म्हणाली,

"काका, कुणी मुलगा नाहीये. काउन्सेलर मॅडम आहेत. मला मधेच श्वास अडकल्यासारखं होतं, छाती धडधडते. त्याच्यासाठी बोलते. घरात कुठे बोलू, तुम्हीच सांगा."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. तिचे घर आम्ही पाहिलेले आहे. आमचेही तसेच आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेली २२५ चौरस फुटांची खोली. वडील वॉचमन, रात्रपाळी करून दिवसा झोपणार. आजी खाटेवर. आई शिलाई मशीनवर. धाकटा भाऊ टीव्हीपुढे. मोरीला पडदा, स्वयंपाकघराला तोही नाही. अशा घरात माणसाला मोठ्याने हसता येते, भांडता येते, पण एकट्याने बोलता येत नाही.

तिची हकीकत आम्ही नंतर सवडीने ऐकली आणि तिच्या परवानगीनेच इथे लिहीत आहोत, ओळख पटेल असे सगळे वगळून. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात कुर्ला स्टेशनच्या पुलावर तिला पहिल्यांदा त्रास झाला. गर्दी नेहमीचीच होती. एकाएकी छाती दडपली, श्वास जोरजोरात होऊ लागला, बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. आपण आता मरणार अशी तिची खात्रीच झाली. दोन बायकांनी तिला कडेला बसवले, पाणी दिले. महापालिकेच्या रुग्णालयात ईसीजी काढला, तो अगदी स्वच्छ निघाला. घरच्यांनी सुटकेचा निश्वास टाकला आणि म्हणाले, टेन्शन घेऊ नकोस.

आपल्याकडे मनाच्या दुखण्यावर एवढे एकच औषध आहे, टेन्शन घेऊ नकोस! जणू ते टेन्शन तिने बाजारातून किलोच्या भावाने आणले होते.

वास्तविक तिला झाले त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. संकट आले की शरीर आपोआप एक घंटा वाजवते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन रक्तात सुटते, हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, म्हणजे माणसाला पळता यावे किंवा लढता यावे. हीच घंटा संकट नसताना वाजली की पॅनिक अटॅक. श्वास नको तितका भराभर घेतल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मुंग्या आणि चक्कर. साधारण दहाएक मिनिटांत हा झटका शिगेला पोचतो आणि मग उतरत जातो. त्याने माणूस दगावत नाही. पण पहिल्यांदा छातीत दुखले तर घरच्या घरी निदान करू नये, रुग्णालयात जाऊन हृदय तपासून घ्यावेच. तिच्या घरच्यांनी ते केले हे चांगलेच केले. चुकले ते पुढे. ईसीजी चांगला आला म्हणजे पोरगी चांगली आहे असे सगळ्यांनी धरून चालले.

त्यानंतर तिने लोकलने जाणे टाळायला सुरुवात केली. बसने दोन तास लागत, तरी बसने जाई. मग कॉलेजच टाळू लागली. ज्या जागी भीती वाटली ती जागा टाळली की क्षणभर बरे वाटते आणि भीती मात्र वाढत जाते, असे तिला पुढे काउन्सेलरने समजावले. आम्हाला हे ऐकून सावकाराच्या कर्जाची आठवण झाली.

पण पुलावरची गर्दी हे काही मूळ नव्हते. मूळ होते कॉलेजच्या कार्यालयातील एका खिडकीपाशी. फी भरायच्या दिवशी तिथला कारकून सगळ्यांदेखत ओरडला होता, "फ्रीशिपवाले बाजूला उभे राहा, आधी पैसेवाल्यांचं होऊ दे!" रांगेतून सातआठ मुले बाजूला झाली. उरलेली रांग त्यांच्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून वर्गातल्या दोघीतिघी तिला सीईटीचे गुण विचारू लागल्या. प्रयोगशाळेत जोडी लावताना तिच्याबरोबर कोणी येईना. शिक्षकांनी प्रश्न विचारला की येत असलेले उत्तरही तिच्या तोंडून फुटेना. "मला वाटायला लागलं की ते म्हणतात तेच खरं असेल. मी इथली नाहीच," ती म्हणाली.

आम्ही स्वतः कारकून आहोत. खिडकीच्या आतल्या बाजूला बसून आमच्याही तोंडून असे काही गेले असेल का, हा विचार त्या रात्री बराच वेळ पाठ सोडीना.

पुढची हकीकत वाचकांनी, विशेषतः मुलामुलींच्या आईवडिलांनी, नीट ऐकावी. मुलीने मोबाइलवर एक जाहिरात पाहिली. चिंता, ताण, आत्मविश्वासाचा अभाव, सगळ्यांवर घरबसल्या थेरपी! शिष्यवृत्तीच्या पैशांतून तिने पहिले सत्र घेतले. पडद्यावरच्या बाई गोड बोलल्या, पण कार्यालयातला प्रसंग सांगितल्यावर म्हणाल्या, हा तुझा विचार आहे, ते जातीवरूनच वागतात याला पुरावा काय? आणि वर, आता कुठे राहिली आहे जातपात? मुलीने फोन ठेवला. पुढच्या महिन्यात खात्यातून पुन्हा पैसे वळते झाले, कारण आपोआप कापून घेण्याची मुभा तिने नकळत दिलेली होती. ती बंद करायला तिला बँकेत दोन हेलपाटे घालावे लागले.

त्या बाईंचा प्रश्न मुळात पुस्तकातलाच होता, हे आम्हाला नंतर कळले. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात जी उपचारपद्धती बसवली, तिला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात. चिंता आणि उदासी यांवर आज जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या बोलण्याच्या उपचारांत ती मोडते. मनात आपोआप येणारा विचार पकडायचा, कागदावर लिहायचा, त्याच्या बाजूने काय आणि विरुद्ध काय ते मांडायचे आणि टाळलेल्या गोष्टी थोड्याथोड्याने पुन्हा करायच्या, असा तिचा साधारण धारा. फोनवर किंवा व्हिडिओवर, पण शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली केली तर चिंतेच्या आजारावर ती समोरासमोरच्या उपचाराइतकी लागू पडते असे अभ्यासांतून दिसून आलेले आहे. तेव्हा पद्धत चांगली आहे. पण आपल्या माणसाला "पुरावा काय?" असे विचारताना विचारणाऱ्याला हे माहीत पाहिजे की, पुरावा असतो! सातआठ मुले रांगेतून बाजूला काढली गेली, हा विचार नव्हे, ती घडलेली गोष्ट आहे.

दुसरी काउन्सेलर तिला एका धर्मादाय संस्थेमार्फत मिळाली. फी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. हिच्याकडून सत्राला पन्नास रुपये घेत. याच त्या गुरुवारच्या मॅडम. त्यांनी पहिल्या दोन गुरुवारी फक्त ऐकून घेतले. तिसऱ्या गुरुवारी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगितली. डाव्या बाजूला, त्यांनी माझ्याशी काय केले. उजव्या बाजूला, त्यावरून मी माझ्याबद्दल काय ठरवले. डाव्या बाजूचे एक अक्षर खोडायचे नाही, ते खरे आहे. तपासायची ती उजवी बाजू.

मुलीने ते पान आम्हाला दाखवले तेव्हा आमच्यातला बी.कॉम. जागा झाला. ही तर खतावणी! दुसऱ्याचे देणे आपल्या खात्यावर टाकलेले. कारकुनाचा उद्धटपणा, वर्गाचा हलकटपणा, ही देणी त्यांची. पोरीने ती स्वतःच्या नावे लिहून घेतली आणि मग ताळेबंद जुळत नाही म्हणून रात्ररात्र जागत बसली. हिशेबात चुकीची नोंद सापडली तर ती खोडत नाहीत, फाडत नाहीत. खाली दुरुस्तीची नोंद घालतात, तारखेसह. मॅडम दर गुरुवारी तेच करून घेत होत्या. एका गुरुवारची नोंद अशी होती: आज रसायनशास्त्राच्या तासाला हात वर केला. आवाज थरथरला. उत्तर बरोबर होते.

आत्मसन्मान मोजायला तज्ज्ञांनी पट्ट्या काढलेल्या आहेत. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली दहा विधानांची यादी केली, ती अजून वापरतात. चिंतेसाठी सात प्रश्नांचा एक तक्ता आहे, २००६ सालचा. मागील दोन आठवड्यांत काय काय किती दिवस जाणवले, त्याला शून्य ते तीन गुण, एकूण २१. पाचच्या आत ठीक, दहा किंवा त्याहून जास्त भरले तर माणसाने कुणाला तरी दाखवावे. तो तक्ता निदान नव्हे, ताप पाहायचा थर्मामीटर म्हणा. मुलीचे पहिल्यांदा १६ भरले होते. दिवाळीपर्यंत ७.

आता थोडे आपल्या घराविषयी. मनाचे दुखणे म्हटले की मुंबईत आजही "ठाण्याला नेऊन टाका" म्हणतात, पुण्यात येरवडा म्हणतात. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. म्हणजे सव्वाशे वर्षे आपण एकच विनोद करीत आलो आहोत! त्यात आपल्या समाजात आणखी एक गोष्ट आहे. आपण लढणारी माणसे. "रडायचं नाही, लढायचं" हे आपण पोरांना पाळण्यापासून ऐकवतो आणि ते खोटे नाही. पण याच वाक्याने किती पोरांची तोंडे आपण बंद केली, याचा हिशेब कोण ठेवणार?

बाबासाहेब १९१७ साली अमेरिका आणि लंडनमध्ये शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी खानावळीत राहावे लागले. काही दिवसांतच डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात आले आणि त्यांना तिथून बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले तास त्यांनी कामाठी बागेत काढले. हे सारे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे. तिथे बसून आईवडिलांची आठवण आली हेही लिहिले आहे आणि अठरा वर्षे उलटून गेल्यावरही तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही, हेही. एवढ्या मोठ्या माणसाने ते लपवले नाही. आम्ही हा मजकूर पूर्वी कितीतरी वेळा वाचला होता. व्यासपीठावरून सांगितलाही होता. पण सांगताना काठ्यांवर जोर द्यायचो, डोळ्यांतल्या पाण्यापाशी थांबायचो नाही.

एक शंका मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती आमच्या मनातही आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. अशी बातमी आली की कुणीतरी मोठा माणूस हमखास म्हणतो, मानसिक तणाव होता, अभ्यास झेपत नव्हता. म्हणजे दोष मेलेल्याच्या मनाचा, ज्यांनी छळले ते मोकळे! म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना "मानसिक आरोग्य" हा शब्दच संशयास्पद वाटतो, यात नवल नाही. आमच्या एका मित्राने तर तोंडावर विचारले, "म्हणजे आता अन्याय झाला की गोळी खायची आणि गप्प बसायचं?" नाही. तक्रार ही तक्रार आणि उपचार हा उपचार. पाय मोडला तर प्लास्टरही घालतात आणि गाडीवाल्यावर केसही करतात. आमच्या मुलीने ऑक्टोबरमध्ये कॉलेजच्या एससी-एसटी सेलकडे लेखी अर्ज दिला. आधी तिच्या अंगात ते बळच नव्हते. अर्जाचा मसुदा आम्ही केला, टंकलेखन तिने केले. त्या खिडकीवर आता दुसरा माणूस बसतो. माफी कुणी मागितली नाही.

दिल्लीत दिव्या कंदुकुरी या आपल्याच विचाराच्या तरुणीने 'दि ब्ल्यू डॉन' नावाचा गट उभा केला, तो बहुजन मुलामुलींना जात समजणारे समुपदेशक परवडेल अशा रीतीने मिळावेत म्हणूनच. अशी माणसे आपल्यातून शिकून तयार झाली पाहिजेत. डॉक्टर-इंजिनिअरच्या पलीकडे मानसशास्त्र नावाचाही एक विषय असतो, हे दहावीच्या सत्कार समारंभात आम्ही आता सांगू लागलो आहोत. पालक अजून तरी हसतात.

सरकारी फोनसेवेविषयी बऱ्याच घरांना माहिती नाही, ती देतो. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलिमानस' सुरू केली. क्रमांक १४४१६. फोनला पैसे नाहीत, चोवीस तास चालू, मराठीसह वीस भाषा. बंगळूरची निम्हान्स ही संस्था तिच्या मुळाशी आहे. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता दाखवतात.

दुसऱ्याला सांगायच्या आधी आपण करून पाहावे म्हणून आम्ही एका रविवारी दुपारी तिथे फोन केला. मनात ठरवले होते की चौकशी करायची, वेळ-पद्धत विचारून घ्यायची आणि ठेवून द्यायचा. भाषा निवडली, पलीकडे एक तरुण आवाज आला. त्याने विचारले, तुमच्या स्वतःसाठी फोन केलात का? आम्ही हो म्हणालो. का म्हणालो, ते अजून सांगता येत नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये आमचे वडील गेले. पिशवीत गुंडाळलेला देह लांबून दाखवला, चेहरा दिसला नाही. बुद्धवंदनासुद्धा फोनवरून झाली. तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते ती येतेच. ही गोष्ट आम्ही आमच्या पत्नीलाही नीट सांगितली नव्हती. त्या मुलाला पंचवीस मिनिटे सांगितली. तो मधे फारसे बोलला नाही. शेवटी त्याने विचारले, "सर, वडिलांचं नाव काय होतं?" आम्ही नाव सांगितले आणि मग काही वेळ बोलता आले नाही.

तो फोन आम्ही बागेतल्या बाकावरून केला होता, हेही सांगून टाकतो. गच्चीवर गेलो असतो तर मावशींनी पाहिले असते.

निम्हान्सनेच २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत पाहणी केली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. शंभर प्रौढांत दहा-अकरा जणांना त्या वेळी मनाचा काही ना काही आजार आढळला आणि आजारागणिक शंभरातले सत्तर ते ब्याण्णव रुग्ण उपचाराविना होते. या आकड्यांत आमच्या इमारतीचे किती, हे आम्ही मोजायला गेलो नाही, पण त्या पहाटे तीनच्या जागेपणी कितीतरी खिडक्यांत मोबाइलचा उजेड दिसतो.

पैसे देऊन थेरपी घ्यायची झाली तर एका सत्राला पाचशेपासून दोन हजारांपर्यंत कितीही मागतात. समजा हजार. महिन्याला चार सत्रे, चार हजार. वॉचमनच्या पगारात ते बसत नाही, इथे हिशेब संपला. तेव्हा आधी फुकटचे दार ठोठावावे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, म्हणजे आमच्या शेजारच्या देवनारच्या संस्थेने, फोन आणि ईमेलवरून समुपदेशन करणारी 'आयकॉल' सेवा २०१२ सालीच सुरू केली होती. मोठ्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे केसपेपरच्या पैशांत डॉक्टर भेटतो. आणि पैसे द्यायचेच असतील तर समोरचा कोण आहे ते विचारून घ्यावे, त्यात लाज कसली? गोळ्या देण्याचा अधिकार डॉक्टरला, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाला. २५ मार्च २०२०च्या नियमावलीप्रमाणे फोनवरून तपासणाऱ्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दिला पाहिजे, आणि सगळीच औषधे फोनवरून लिहून देता येत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नुसते "काउन्सेलर" लिहिलेले असले तर कुठे, किती वर्षे शिकलात हे विचारावे. "लाइफ कोच" वगैरे मंडळींविषयी आम्ही काही लिहीत नाही, जागा कमी आहे.

मोबाइलवर भरलेली माहिती कुठे जाते, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत 'बेटरहेल्प' नावाची या धंद्यातील फार मोठी कंपनी आहे. ग्राहकांची माहिती गुप्त ठेवू असे सांगून तिने ती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांना पुरवल्याचा ठपका तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ साली तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. हक्क कागदावर असतो हे आपल्याला नव्याने सांगायला नको. म्हणून आधार, बँकखाते, घरचा पत्ता कुठल्याही अॅपला उगाच देऊ नये.

अलीकडे पोरे यंत्राशीच बोलतात. हेही नवे नाही. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम या प्राध्यापकाने 'एलायझा' नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम केला. त्याला काही कळत नसे, आपलेच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा. पण प्राध्यापकांच्या सेक्रेटरीबाई, ज्यांनी तो तयार होताना रोज पाहिला होता, त्यासुद्धा त्याच्याशी दोनचार वाक्ये बोलल्यावर प्राध्यापकांना म्हणाल्या, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? बाई आपल्यासारख्याच कचेरीतल्या. यंत्र कुणाचे का असेना, त्यांना खोली रिकामी हवी होती.

फोनवरचे बोलणे कुठे पुरत नाही तेही सांगतो. माणूस जगणे संपवण्याच्या गोष्टी करीत असेल, कानात आवाज ऐकू येत असतील, दारूने हातपाय थरथरत असतील, तर त्याला एकटे सोडू नये आणि थेट रुग्णालयात न्यावे. जिला घरातच मारहाण होते, तिने त्याच घरात बसून फोनवर काय बोलायचे? तिला आधी सुरक्षित जागा पाहिजे. आपल्याकडे आणखी एक प्रघात पडला आहे, कुणाचे मन बिघडले की त्याला दहा दिवस इगतपुरीला पाठवायचे. श्वासाकडे पाहणे ही भगवंतांची मोठी देणगी आहे, आम्ही स्वतः सकाळी बसतो. पण विपश्यना केंद्रेच अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात आणि गंभीर आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये असे सांगतात. ती माहिती लपवून पोराला शिबिराला धाडणारे पालक आम्ही पाहिलेले आहेत.

राहता राहिला खोलीचा प्रश्न. तो आम्ही मंडळाच्या बैठकीत ठेवला. विहाराच्या मागे एक लहान खोली आहे. तिथे खुर्च्या, सतरंज्या आणि जयंतीचा मंडप ठेवतो. आठवड्यातून चार संध्याकाळी ती फोनवर बोलण्यासाठी द्यावी, असा आमचा प्रस्ताव. दीड तास चर्चा झाली. एक ज्येष्ठ म्हणाले, विहारात ही थेरं नकोत. दुसरे म्हणाले, पोरंपोरी भलतंच करतील. तेव्हा मागच्या रांगेतून त्या मावशी उठल्या, ज्यांनी गच्चीवर पोरीला रडताना पाहिले होते. म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली. मला कुठं जाऊन रडायचं म्हटलं तर सार्वजनिक संडासाशिवाय जागा नव्हती. द्या ती खोली." ठराव मंजूर झाला.

खुर्च्या एका बाजूला लावल्या. पंखा दुरुस्त केला, म्हणजे बाहेर आवाज जाणार नाही. दाराला आतून कडी बसवली. आम्ही सवयीप्रमाणे एक नोंदवही आणली. नाव, वेळ, सही, असे तीन रकाने आखले. ते पाहून आमची फार्मसीवाली म्हणाली, "काका, वही नको ना. नाव लिहायचं असेल तर कुणी येणार नाही."

वही आम्ही परत घरी आणली. किल्ली मावशींकडे असते.